हाव म्हणालीस म्हणून

सातारा
रविवार, संध्याकाळ

प्रिय निमू,

कादंबरीची पानं मिळाली. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं. लढाया लांबल्यात हे पटलं, त्या कापते. पण ताराबाईंच्या शेवटच्या प्रकरणापाशी तू लिहिलंस, ‘एवढी सत्तेची हाव वाचकाला सोसेल का?’ तिथं मी अडकले ती अडकलेच. चार दिवसांत एक ओळ पुढं गेली नाही.

1700चा मार्च डोळ्यांपुढं आण. राजाराम महाराज सिंहगडावर गेले, बातमी विशाळगडावर पोचली. राणी अंबिकाबाई सती गेल्या. त्यांच्या सवत ताराबाई, वय पंचवीसच्या आसपास, मुलगा शिवाजी अजून चार वर्षांचाही नाही. त्यांनी पोराची मुंज लावली आणि त्याला गादीवर बसवलं. रामचंद्रपंत अमात्यांसारख्या जाणत्या माणसालाही ते रुचलं नव्हतं, कारण मोगलांच्या कैदेतले शाहू हेच खरे वारस असं त्यांचं मत. मोगल छावणीत तर आनंदीआनंद झाला. आता उरलं कोण, तर लहान पोरं आणि एक असहाय बाई. हे लिहून ठेवणाऱ्या मोगल इतिहासकार खाफीखानालाच पुढं त्या बाईच्या बुद्धीची आणि कारभाराची तारीफ लिहावी लागली.

पुढची सात वर्षं तू वाचलीसच. ऐंशी ओलांडलेला औरंगजेब एकेका गडाला वेढे घालत बसला. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. गड झुंजवायचा, होईल तितका वेळ काढायचा, मग त्याच्याकडूनच पैसे घेऊन खाली करून द्यायचा आणि तो पुढं सरकला की परत घ्यायचा. तोवर आपल्या फौजा माळव्यात नि गुजरातेत. 1707मध्ये तो अहमदनगरजवळ मेला तेव्हा दक्षिण काही त्याच्या हाती आली नव्हती.

आता मला खरं म्हणायचंय ते. हे सगळं ज्यांनी चालवलं, त्यांच्या नावावर यातलं काहीच नव्हतं. राजा म्हणून नाव मुलाचं.

निमू, तुला माझ्या आईचा सातबारा आठवतो? बाबा गेले तेव्हा दादा सात वर्षांचा होता, मी पाच. वारसनोंद झाली. तुझ्याच घरी बसून आपण तो उतारा वाचला होता, बारावीच्या सुट्टीत. दादाचं नाव, माझं नाव आणि पुढं ‘अ. पा. क. आई’. अज्ञान पालनकर्ता. तू विचारलंस, अपाक म्हणजे काय गं? आई चुलीपुढून म्हणाली, ‘राबायचं मी, नाव लेकरांचं.’ भाऊबंदकीत बांधावरून भांडण निघालं की माणसं आईशी बोलतच नसत, चुलत्याकडं बघून बोलत. आणि तीच तावातावानं बोलली की म्हणायची, बाईला जमिनीची लई हाव.

ताराबाई मला तिथून दिसायला लागल्या. त्या अख्ख्या राज्याच्या अपाक होत्या. मुलगा आहे तोवर मान, मुलगा गेला की काही नाही.

म्हणून शाहू सुटून आले तेव्हा त्या त्यांना तोतया म्हणाल्या. त्यांनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. तो प्रसंग मी तीनदा लिहिलाय, अजून मनासारखा उतरला नाही. ताटात कालवलेला भात, त्याच्याभोवती तलवार पेलणारे हात, आणि यातला कुठला हात फिरणार आहे ते ओळखू पाहणारी बाई. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले. 1714मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंच्या दुसऱ्या सवतीनं, राजसबाईंनी, आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाईंना लेकासकट कैदेत टाकलं. बघ, राजसबाईंनाही मुलगाच पुढं करावा लागला. दुसरी वाट ठेवलीच नव्हती कुणी. शिवाजी कैदेतच वारले.

मग 1749. शाहू महाराज गेले. त्यांच्या राणी सकवारबाई पेशव्यांच्या विरोधात कारस्थान करत होत्या. मी सती जाणार असं त्या बोलून बसल्या होत्या, तेच बोलणं त्यांच्यावर उलटवलं आणि त्यांना जावं लागलं. ताराबाई तेव्हा साताऱ्यातच, चौऱ्याहत्तरीच्या. विशाळगडानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी पुन्हा तेच. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल, ते लिहायलाच मी ही कादंबरी हाती घेतली.

वर्षभरात त्यांनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. माझा नातू म्हणून ज्याला स्वतः पुढं आणलं, तो माझा नव्हेच, अशी शपथ पुढं जेजुरीला घेतली. हे मी झाकणार नाही. त्या पोराचे हाल झाले, त्याचा काय दोष होता? तिथं ताराबाई चुकल्या असंच मी लिहिणार. पण त्याला हाव म्हणायला माझा हात धजत नाही. नानासाहेब पेशव्यांनी त्याच काळात सगळा कारभार पुण्याला नेला, त्याला आपण मुत्सद्दीपणा म्हणतो ना?

गेल्या आठवड्यात संगम माहुलीला गेले होते. शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी पहिल्याच माणसानं दाखवली. ताराबाईंची विचारली तर तिघांनी मान हलवली, मग कपडे धुणाऱ्या एका बाईंनी ओला हात पुसून नदीकडं बोट केलं. दगड गार होता. मी बराच वेळ तिथं बसून राहिले, वहीत काही लिहिलं नाही.

प्रकरण तसंच ठेवते. दूधभाताचं पान मात्र परत लिहून पाठवते, ते वाच आणि नेहमीसारखं निर्दयपणे सांग. आईला तुझा निरोप दिला, ती विचारत होती निमा कधी येतेय. दिवाळीनंतर ये. पाणी उतरलेलं असेल, माहुलीला तुला घेऊन जायचंय.

तुझीच,
वैजू