खोडलेल्या आकड्यांशेजारी पेन्सिलीने लिहिणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

प्रबंध सादर झाला त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, पण घसा दाटून आला आणि जे सांगायचे होते ते राहूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असे. ज्या गोष्टीसाठी मला वर्षभर चारचौघांत बोल लागले, तिचे आभारही चारचौघांतच मानावेत असे मला वाटते.

माझा विषय पाण्याच्या विद्युत्-अपघटनाचा. कागदावर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त द्यावे लागतात, आणि हा वरचा खर्च कमी कसा करायचा याभोवतीच या क्षेत्रातले बरेचसे काम फिरते. प्लॅटिनम-इरिडियम परवडत नाहीत, म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात निकेलची पट्टी, आणि त्या पट्टीवर सुटणारा ऑक्सिजन, एवढाच माझा संसार होता. पट्टी तीच, द्रावण तेच, दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर हा प्रवाहही तोच. तरीही लागणाऱ्या व्होल्टेजचा सोमवारचा आकडा आणि शुक्रवारचा आकडा यांत शंभरेक मिलिव्होल्टचे अंतर पडायचे. या कामात तेवढ्या अंतराने सगळा निष्कर्ष उलटा होतो.

ज्यांच्याकडे मी विश्वासाने गेले, त्यांतल्या एकाने माझा हात स्थिर नाही असे सांगितले. दुसऱ्याने प्रसिद्ध झालेल्या निबंधातला आकडा दाखवून, त्याच्याशी जुळत नाही ते खोडून टाका असा सल्ला दिला. रसायनाच्या पुरवठादाराने शुद्धतेबद्दलच्या माझ्या पत्रांना उत्तरही दिले नाही. मी लाल शाईने पानेच्या पाने खोडली. यातल्या एकानेही वही हातात घेऊन पाहिली नव्हती, याचे दुःख अजून गेलेले नाही.

तुम्ही भोसरीच्या एमआयडीसीत निकेल प्लेटिंगच्या टाक्यांवर आयुष्य काढलेले. बाबांच्या ओळखीने दुपारच्या चहाला आलात आणि टेबलावरची पट्टी पाहून थांबलात. कडेला धरून ती नळाखाली तिरपी केलीत. पाण्याचा पडदा सलग राहिला, कुठेही फाटला नाही. ‘स्वच्छ आहे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण मुरलेली नाही. घासतेस कधी?’ मी अभिमानाने सांगितले की दर सोमवारी पॉलिश पेपरने चकचकीत करते. तुम्ही हसला नाहीत की रागावलाही नाहीत. वही मागितलीत.

त्यानंतरचे दोन तास माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून, वही नाकाजवळ धरून, तुम्ही समासात मी टिपलेल्या वेळा वाचत होतात, आणि प्रत्येक खोडलेल्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहीत होतात: ‘घासल्यापासून २ तास’, ‘१९ तास’, ‘६१ तास’. चहा गार झाला. शेवटच्या पानावर येऊन तुम्ही वही माझ्याकडे फिरवलीत आणि म्हणालात, ‘पोरी, यातला एकही आकडा खोटा नाही. हे पट्टीचे वय आहे.’ तासांच्या क्रमाने लावल्यावर तेच आकडे एका वळणाने खाली उतरत गेलेले दिसले. प्रत्येक सोमवारी मी पट्टीला पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवत होते.

पुढचा शास्त्रीय भाग मला पुस्तकांतून मिळाला. द्रावणातले अत्यल्प लोह निकेलच्या पृष्ठावर तयार होणाऱ्या ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या थरात शिरते आणि ऑक्सिजन सुटणे सोपे करते. डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये हे दाखवले होते, आणि २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या गटाने द्रावणातले लोह काढून टाकून दाखवले की, निकेलला दिले जाणारे पुष्कळसे श्रेय त्या लोहाचे आहे. रसायनाची बाटली बदलली की माझे आकडे का बदलत, हेही तेव्हाच उमगले. पण इलेक्ट्रोडला, म्हणजे त्या पट्टीला, आधी रुळू द्यावे लागते ही जाण तुमच्या हातात होती. नव्या टाकीत थेट जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, न सोडता आधी कमी प्रवाहावर डमी पत्रा चालवायचा, नको असलेला धातू त्याच्यावर बसू द्यायचा, मगच टाकीवर भरवसा ठेवायचा, असे तुम्ही सांगितलेत. माझ्या बाबतीत जे मुरायचे होते ते निराळे होते, द्रावणातून काढायचे नव्हते तर पट्टीवर बसू द्यायचे होते. पण घाई न करता वाट पाहण्याची शिस्त तीच होती.

काका, ज्ञान असलेली माणसे मला पुष्कळ भेटली. समोरच्याने लिहिलेले आधी वाचावे, मग बोलावे, एवढा साधा चांगुलपणा त्यांतल्या फार थोड्यांत होता. तुम्ही माझ्या शिक्षणाची चौकशी केली नाहीत, स्वतःचा अनुभव किती वर्षांचा हे ऐकवले नाहीत. माझ्या वेळा खऱ्या आहेत असे धरून चाललात. तेवढ्याने मी पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ शकले.

तोंडी परीक्षेला मी मूळ वहीच नेली होती. परीक्षकांनी पाने उलटली, लाल रेघांशेजारची पेन्सिल पाहिली आणि हे अक्षर कोणाचे म्हणून विचारले. मी तुमचे नाव सांगितले, आणि तुम्ही कुठे, कोणते काम करत होतात तेही सांगितले. त्यांनी ते पान बराच वेळ उघडे ठेवले होते.

तुमची,
निकेलवाली पोरगी