नखांचं बिल चुकीचं लावलंय, आईच्या नावावरचं काढून टाका

नमस्कार,

पोडायट्रिस्टची (पायाच्या डॉक्टरांची) बिलं तुम्ही करता, तुमच्या पुण्याच्या बिलिंग ऑफिसमधल्या ताई परवा फोनवर मराठीत बोलल्या, म्हणाल्या सगळं लिहून पाठवा मी पुढे देते, म्हणून मराठीतच लिहितोय.

माझी आई ७१ वर्षांची, न्यू जर्सीत आमच्याकडेच असते, मेडिकेअर पार्ट बी आहे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विम्याचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग. वीस वर्षांचा डायबिटीस, तळपायाला आता काही जाणवतच नाही, मागे चपलेत खडा गेला होता तो संध्याकाळी मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळला. म्हणून नखं घरी कापायची नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय आणि दर अडीच महिन्यांनी आम्ही तिला पोडायट्रिस्टकडे नेतो.

मार्चच्या व्हिजिटला दहाही बोटांची जाड झालेली नखं घासून कमी केली, बस. मी शेजारीच उभा होतो, ना नवीन तक्रार, ना वेगळी तपासणी, ना औषध. तरी तुम्ही ११७२१ (नखांच्या कामाचा कोड) सोबत ९९२१३ (डॉक्टरांच्या तपासणीचा कोड) ला मॉडिफायर २५, म्हणजे ‘ही तपासणी वेगळी’ असं सांगणारी खूण, जोडून ऑफिस व्हिजिट वेगळी लावलीत. त्या दिवशी खरंच वेगळी तपासणी झाली असेल तरच २५ लावतात ना? मेडिकेअरने ते पैसे देऊन पण टाकले आणि २० टक्के आईच्या माथी.

आणि जे काम खरं झालं, नखांचं, तोच क्लेम नाकारला, कारण त्यावर पायाची अवस्था सांगणारा क्यू मॉडिफायरच नाही! नुसती नखं कापायचे पैसे मेडिकेअर देत नाही, आजार आणि पायाची अवस्था दाखवावी लागते, हे तर तुमचं रोजचं काम. पोर्टलवर डॉक्टरांची नोट मी वाचलीय, पावलावरची आणि घोट्यामागची, दोन्ही नाड्या लागत नाहीत असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे क्यू८. डायबिटीसच्या डॉक्टरांकडे ती फेब्रुवारीत जाऊन आली होती, ती तारीख पण क्लेमवर नाही. चूक तुमची आणि ११० डॉलरचं बिल तिच्या नावाने.

ते बिल तिने आमच्यापासून लपवलं. रविवारी बाथरूममध्ये नेलकटर घेऊन वाकून बसलेली दिसली, म्हणे उगाच तुम्हाला खर्च कशाला, आणि अंगठ्याची कड कापली गेली होती ती तिला कळलीही नव्हती. माझे हातपाय गार पडले.

११७२१ चा क्लेम दुरुस्त करून परत पाठवा, व्हिजिटपासून वर्षभराची मुदत असते, अजून वेळ आहे. ९९२१३ डॉक्टरांना विचारून काढा, मेडिकेअरचे पैसे परत करा, आणि तोवर हे कलेक्शनला, म्हणजे वसुलीवाल्यांकडे, अजिबात पाठवू नका.

पुढची अपॉइंटमेंट २४ तारखेला आहे. त्याआधी बाकी शून्य असं लिहिलेलं स्टेटमेंट आईच्या नावाने पाठवा, तो कागद हातात पडल्याशिवाय मी येणार नाही म्हणतेय ती.