शिल्लुकांच्या राजाविषयी अर्धवट लेख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ‘राजाला मारणारी जमात’ हा लेख वाचला आणि राहवलं नाही. दक्षिण सुदानमध्ये नाईलकाठी राहणाऱ्या शिल्लुकांच्या पाचेकशे वर्षांच्या राजपरंपरेतून लेखकाला एवढंच सापडावं?

राजा थकला की त्याला विधिपूर्वक मारतात, ही हकीकत मानववंशशास्त्रज्ञ सेलिगमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली आणि फ्रेझर यांनी ती जगभर नेली. याला भरवशाचा पुरावा नाही, राजे मारले गेले असतील ते बंडखोर राजपुत्रांच्या हातून, असं दुसरे मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४८ सालीच मांडलं. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं नसेल, पण असा वाद आहे हे वाचकांना कळायला नको?

मी दक्षिण सुदानमधल्या मलाकालला संयुक्त राष्ट्रांच्या भारतीय बटालियनमध्ये होतो. तिथल्या छावणीत एक शिल्लुक आजोबा होते. कपाळावर भुवयांच्या वर मण्यांसारख्या गाठींची आडवी ओळ. गाव सोडून आलेला माणूस, पण १९९३ साली रेथ (म्हणजे राजा) क्वोंगो डाक पाडिएत गादीवर बसले, तो सोहळा सांगायला लागले की थांबत नसत. काठीने मातीत नाईल काढायचे, वर उत्तरेला अकुर्वा हे गाव, खाली राजधानी फशोडा. मूळपुरुष न्यिकांगची मूर्ती अकुर्व्याहून निघते आणि गावोगावचे लोक तिच्यामागे चालतात. फशोड्याजवळ नव्या राजाच्या माणसांशी लढाई, तीही ज्वारीच्या ताटांनी. त्यात राजा हरतो, पकडला जातो. मग आसनावर आधी न्यिकांग बसतो, तो उठल्यावर राजा. न्यिकांग अंगात आल्याशिवाय रेथ होत नाही, हे सांगताना आजोबा स्वतः ताठ बसायचे. यातलं एक अक्षर लेखात नाही. फशोड्याचं नाव आलंय ते फक्त १८९८ मध्ये फ्रेंचांचा मार्शां आणि इंग्रजांचा किचनर तिथे समोरासमोर आले म्हणून.

आणि लेखासोबतचा फोटो! त्या माणसाच्या कपाळावर सहा आडव्या रेषा आहेत. ती शेजारच्या नुएर जमातीची खूण, शिल्लुकांची नव्हे. २०२२ च्या अखेरीस शिल्लुक गावांवर हल्ले झाले, हजारो माणसं कोडोक गावाकडे पळाली. हल्लेखोरांत नुएर तरुणांच्या सशस्त्र टोळ्या होत्या. ज्यांची घरं जळाली त्यांच्या नावाखाली आपण दुसऱ्याच जमातीचा चेहरा छापलात. त्या हल्ल्यांबद्दल मी तेव्हाही आपल्याला पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत, बातमीही दिली नाहीत.

फोटोची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर द्यावी, आतल्या पानावर बारीक अक्षरांत नको. राज्यारोहणावर कोणी जाणकार लिहिणार असेल, तर माझ्याकडची टिपणं मी आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, सातारा