प्रिटोरियाच्या ताईंना, क्रूगरबद्दल जाहीर थँक्यू

ताई,

फोनवर तुम्ही स्पष्ट सांगितलंत की आभारबिभार मानू नकोस आणि माझं नाव तर कुठेच टाकू नकोस. नाव टाकत नाहीये. आभार मात्र मानणार आणि चारचौघांत मानणार, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो की आफ्रिकेतली सफारी एवढ्या पैशात कशी काय जमली बुवा, आणि प्रत्येक वेळी माझी गोष्ट "प्रिटोरियाला एक ताई आहेत" इथूनच सुरू होते.

मुळात आपली ओळख काय, तर माझ्या चुलत बहिणीच्या ऑफिसमधल्या एकीची तुम्ही आतेबहीण. नंबर असा फिरत फिरत आला. मी बिचकत मेसेज टाकला की दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कला जायचंय, मी, नवरा आणि आई, बजेट बेताचं आहे, काही होईल का. वाटलं एखाद्या एजंटचा नंबर द्याल. तुम्ही व्हॉइस मेसेज पाठवलात, तो ऐकता ऐकता माझी अख्खी गवार निवडून झाली, आणि त्यातलं पहिलंच वाक्य होतं, "आधी ते पॅकेज विसर."

टूरवाल्यांच्या पॅकेजचा आकडा तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही हसलात ते अजून आठवतंय. मग समजावून सांगितलंत की क्रूगरच्या पश्चिमेला साबी सँडसारखी खाजगी रिझर्व्ह आहेत, तिथे एका रात्रीला जे घेतात त्यात पार्कच्या आतल्या सरकारी कॅम्पात आठवडा निघतो, आणि मधलं कुंपण तर 1993 सालीच काढून टाकलंय, म्हणजे तोच बिबट्या सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे, त्याला काय माहीत कुठल्या बाजूच्या माणसाचं बिल किती. हां, तिकडे गाडी रस्ता सोडून प्राण्याच्या पार जवळ नेतात आणि इकडे रस्ता अजिबात सोडायचा नाही, हा फरक आहे, आणि तोही तुम्ही लपवला नाहीत. मला तेव्हाच तुमच्यावर विश्वास बसला. फक्त फायदे सांगणारी माणसं मला जरा खटकतात.

दुसरी भीती गाडीची. आमची समजूत अशी की जंगल म्हणजे फोर बाय फोर पाहिजे. तुम्ही म्हणालात, अगं मुख्य रस्ते डांबरी आहेत, मातीचे पण गुळगुळीत आहेत, सगळ्यात छोटी हॅचबॅक घे, स्टीअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, चालवायचं डावीकडून. आणि खरंच, जोहान्सबर्ग एअरपोर्टवर जी टोयोटा स्टारलेट हातात आली ती बघून नवरा म्हणाला ही तर आपली बलेनो! आहेच ती, भारतातूनच जाते तिकडे. नाशिकच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं कारण डिपॉझिट ब्लॉक करतात, विमान अदिस अबाबावरून आहे तर यलो फिव्हरचं कार्ड जवळ ठेवा, उगाच इमिग्रेशनला वाद नको, मलेरियाच्या गोळ्यांचं हिवाळा असला तरी डॉक्टरांना विचारा, रात्रीचा हायवे नको. हे सगळं तुम्ही न विचारता सांगितलंत. आईला गुडघ्यांचा त्रास आहे हे मी एकदाच बोलले होते, तर सामायिक बाथरूमच्या जवळची हट मिळावी म्हणून बुकिंगच्या वेळी कॅम्पचा नकाशा उघडून बसलात आणि पैसेही आधी तुमच्याच कार्डावरून भरलेत. अनोळखी माणसासाठी कोण करतं हो हे?

खाण्याचं तर विचारूच नका. सामायिक किचनवाल्या स्वस्त हटमध्ये अंथरूण, पांघरूण, फ्रिज सगळं मिळतं पण भांडी मिळत नाहीत, हे तुम्ही आधी सांगितलं नसतं तर आम्ही बिस्किटांवर राहिलो असतो. छोटा कुकर घरून नेला, तांदूळ, मुगाची डाळ आणि मसाले जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्गमधून घेतले, तिथली दुकानं बघून आई म्हणाली हे तर आपल्याहून जास्त भरलेलं आहे. लोअर साबी कॅम्पच्या किचनमध्ये हॉटप्लेट आणि उकळत्या पाण्याचा नळ, बाहेर सगळ्यांच्या शेगड्यांवर मांस भाजणं चाललेलं, आणि मध्येच आमच्या खिचडीची शिट्टी! शेजारच्या हटमधल्या आजी दचकून बघायला आल्या, मग वाटीभर खिचडी घेऊन गेल्या आणि बदल्यात आईला रस्क देऊन गेल्या, ते चहात बुडवून आईने सगळी ट्रिप काढली. गेट फी सोडली तर (ती काही कमी नाही, परदेशी माणसाला दिवसाला माणशी पाचशे रँडच्या वर, हे लोकांनी हिशोबात धरावंच) बाकी खर्च आपल्याकडच्या बऱ्या हिल स्टेशनला होतो तेवढाच झाला.

पण पैसे वाचले एवढ्यासाठी मी हे लिहीत नाहीये. आम्ही केलेला प्लॅन तुम्हाला पाठवला होता, आठवतं? मालेलाने गेटने आत, स्कुकुझा, सतारा, ओलिफंट्स, लेटाबा, वर पार पाफुरीपर्यंत, रोज नवा कॅम्प. ताडोबाचं व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र बफर धरून 1,727 चौरस किलोमीटर, आणि क्रूगर साडेएकोणीस हजारांच्या आसपास, हे आकडे वाचून आम्हाला वाटलं जितकं जास्त पळू तितकं जास्त दिसेल. तुम्ही त्या प्लॅनवर काट मारलीत. दोनच कॅम्प ठेवलेत, लोअर साबी आणि सतारा. म्हणालात, "डांबरावर पन्नासची परवानगी आहे, सल्ला नाही. पंचवीसने चालव. आणि पाणी दिसलं की इंजिन बंद कर, थर्मास काढ आणि बसून राहा." नवऱ्याला हे पटलं नव्हतं, त्याच्या मते एवढ्या लांब येऊन डबक्याशेजारी बसायचं म्हणजे गंमतच.

लोअर साबीच्या दाराशीच ते सनसेट डॅम. पहिल्या सकाळी सहाला गेट उघडल्या उघडल्या तिथे गेलो, जून म्हणजे तिकडचा हिवाळा, कडाक्याची थंडी, आई कानटोपीत, आणि समोर काहीच नाही. पाण्यावर वाफ आणि चार दगड. मग एका दगडाने कान हलवले. पाणघोडे होते ते! काठावर जे ओंडके वाटत होते त्यातल्या अर्ध्या मगरी निघाल्या. ऊन चढलं तसे इंपाला, म्हणजे तिकडची हरणं, आले, पाण्याला तोंड लावायच्या आधी दहादा मागे बघणारे, मग रानडुकरं गुडघ्यांवर बसून चरत चरत, मग समोरच्या झाडीतून हत्तींचा कळप, आवाज न करता, पुढे म्हातारी आणि पायांत घुटमळणारं एक एवढंसं पिल्लू ज्याला सोंडेचं काय करायचं तेच कळत नव्हतं. त्यानंतर नवरा स्वतःच म्हणायला लागला, थांबू अजून थोडं. दरम्यान आमच्या मागून किती गाड्या आल्या, काच खाली केली, "लायन?" विचारलं, नाही म्हटलं की गेल्या.

तुम्ही शिकवलेलं अजून एक, प्राणी शोधू नका, बाकीचे प्राणी कुठे बघतायत ते बघा. ताडोबात चितळाचा कॉल आला की जिप्सीवाले कसे कान टवकारतात तसंच हे, पण इकडे गाईड नाही, आपणच गाईड. स्कुकुझाच्या वाटेवर साबी नदीच्या कडेने जाताना बबून माकडं भुंकत होती, एकाच झाडाकडे तोंड करून, आम्ही गाडी लावून बसलो. बराच वेळ नुसती पानं. मग आईने शांतपणे विचारलं, "ती लोंबतेय ती शेपटी आहे का रे?" बिबट्या! आणि आमच्या शिवाय तिथे एकही गाडी नाही.

सतारामधल्या बोर्डाचं पण तुम्ही सांगितलं होतं, की त्याच्यावर लोक रंगीत लोहचुंबक लावून सिंह कुठे, चित्ता कुठे ते दाखवतात पण त्यात गेंडा शोधू नकोस, शिकाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून तो मुद्दाम ठेवत नाहीत. आम्हाला जे गेंडे दिसले त्यांची शिंगं कापलेली होती, वाचवायला म्हणून पार्कवालेच कापतात, बघून पोटात कसंतरी झालं. तुमच्या सांगण्यावरून फोनचं लोकेशन आधीच बंद केलं होतं आणि कुठे दिसले ते अजून कोणाला सांगितलेलं नाही, इथेही नाही.

एका वळणावर एकटा नर हत्ती रस्त्यात, गंडस्थळावरून मद गळत होता, मागच्या पायांवरून ओला ओघळ. हे चित्र तुम्ही इतकं नीट वर्णन करून ठेवलं होतं की मी नवऱ्याला फक्त "ताई म्हणाल्या तो हाच" एवढंच बोलले आणि त्याने हॉर्न नाही, गडबड नाही, हळूहळू रिव्हर्स घेतला. आमच्या पुढची एक भाड्याची गाडी फोटोसाठी अडून बसली होती, हत्तीने कान फडफडवून दोन पावलं टाकली मग तिचा रिव्हर्स आमच्यापेक्षा फास्ट निघाला.

आणि पंक्चर. सताराजवळच्या त्या एस-100 मातीच्या रस्त्यावर, जिथे आदल्या संध्याकाळी सिंहिणी बघितल्या होत्या नेमकं तिथे टायर बसला. दार उघडायचं नाही हे माहीत होतं, पुढे काय ते सुचेना, रेंज एक दांडी. तुम्ही ऑफिसच्या मीटिंगमधून उठून फोन घेतलात आणि पहिलं काय विचारलंत तर "आईला बाथरूमला जायचंय का?" मग सांगितलंत की एंट्री परमिटवर इमर्जन्सी नंबर छापलेला असतो तो लाव, आणि तोवर काचा वर. पार्कचे दोघं आले, एकाने टायर बदलला आणि दुसरा बंदूक घेऊन गवताकडे तोंड करून उभा. तोपर्यंत आई मजेत होती, तिला रस्त्याकडेच्या वारुळात इवल्या मुंगसांचं अख्खं बिऱ्हाड सापडलं होतं.

आईची आवड तशी वेगळीच. सिंह दिसले तेव्हा म्हणाली झोपलेलेच आहेत की. तिला आवडले ते जमिनीवर चालणारे मोठे काळे धनेश, लाल गळ्याचे, रस्त्याच्या कडेने चौघं एका ओळीत निघालेले, म्हणे हे तर मुलगी बघायला निघालेल्या काकांसारखे दिसतायत. तो पक्षी किती दुर्मीळ झालाय ते तुम्ही नंतर सांगितलंत, आणि आई तेव्हापासून भाव खाऊन आहे.

पाफुरीला आम्ही गेलो नाही, पण तिथल्या माकुलेके लोकांबद्दल तुम्ही जेवताना बोललात ते राहून राहून आठवतं. 1969 साली त्यांना घरं सोडायला लावली आणि 1998 मध्ये जमीन कागदोपत्री परत मिळाली, आता ती पार्कचाच भाग आहे पण मालकी त्यांची. ताडोबातून जामणी, नवेगावसारखी गावं उठली त्यांच्याबद्दल इतका विचार मी तोपर्यंत केला नव्हता खरं तर, सफारीला जाऊन आलेल्या माणसाने तो करायला हवा असं मला वाटतं. त्या संध्याकाळी प्रिटोरियात तुमच्या घरी वरण-भात, मेथीची भाजी, आणि वर हे बोलणं, आई परत येताना विमानात म्हणाली ही बाई आपली कोण लागते गं.

त्याच जेवणात तुम्ही सहज बोलून गेलात की इतकी वर्षं आफ्रिकेत काढली, सिंह इतके बघितले की मोजणं सोडलं, पण वाघ काही कधी बघितला नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. पुढच्या मे महिन्यात या. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला झेपणार नाही पण वाघ पाण्यावर येतो तो त्याच उन्हात, त्यामुळे टोपी, ताक आणि कांदा मी आणीन. मोहर्लीचं गेट, सकाळची जिप्सी, बुकिंग सगळं माझ्याकडे, पैशाचं नाव काढायचं नाही. फक्त तारखा कळवा आणि मंगळवार सोडून कळवा, मंगळवारी ताडोबा बंद असतं.

तुमची,
नाशिकची ती "बजेट बेताचं आहे" वाली