मावशींना आधी तू फोन कर

प्रिय शैला,

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. रागावली असशीलच, भेटलीस की भांड. गुडघा आहे तसाच, बाकी बरी आहे.

गाळ विषारी आहे का ते बघायच्या चाचणीचा काल दहावा दिवस होता, भांडी उघडली. ठाण्याच्या खाडीतला, तुमच्या जेट्टीच्या काठचा गाळ, वरचे दोन सेंटिमीटर, मी स्वतः चमच्याने काढलेला. प्रत्येक भांड्यात २० अँफिपॉड, ते गाळात राहणारे कोळंबीसारखे इवले जीव, सोडले होते. स्वच्छ गाळात १९-२० जगले. आपल्या गाळात सहा, सात, पाच. चाळणीला चिकटले असतील म्हणून दोनदा चाळलं. नव्हते गं.

पहिला संशय अमोनियावर आणि सल्फाइडवर. सांडपाण्याच्या खाडीत बऱ्याचदा तेच निघतं. दोन्ही मोजले, तेवढ्याने प्राणी मरत नाहीत. मग धातू. पारा किलोला ०.७१ मिलिग्रॅमच्या वर. आपण पाठ केलेली ती वरची रेषा, जिच्यापुढे गाळातल्या जिवांना बऱ्याचदा अपाय होतो, आठवते? तरी प्राणी पाऱ्यानेच मेले असं मी छातीठोक म्हणणार नाही. गाळात एकटा पारा थोडाच असतो!

साहेब म्हणतात, पाचही ठिकाणांची सरासरी द्या. त्यातली तीन मधल्या प्रवाहातली, नुसती वाळू! धातू चिकटतात ६३ मायक्रॉनखालच्या कणांना, वाळूत काय सापडणार? मी अहवालावर सही केली नाही. एम.एस्सी.ला तू म्हणायचीस, "पाणी तपासलं की झालं, चिखलात कशाला हात घालतेस?" त्यावरून आठ दिवस अबोला धरला होतास, माझा डबा मात्र रोज खात होतीस. अजूनही सांगते, पाणी भरती-ओहोटीला बदलतं, गाळ तिथेच बसतो. जपानच्या मिनामाताला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ साली उघड झाला आणि गाळ उपसायला सुरुवात झाली १९७७ ला. ते काम संपलं १९९० मध्ये.

हे तुलाच का लिहितेय, कळलं असेल. मावशी अजून त्याच काठावर ओहोटीला निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, धरतात. २०२२ मध्ये ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली तेव्हा त्यांनी मला पेढा दिला होता! त्यांना काय सांगू? खाऊ नका? गाळातले प्राणी मेले म्हणजे निवट्यांत विष आहेच असं होत नाही. पण हवा नसलेल्या चिखलात जिवाणू पाऱ्याचा आणखी विषारी असा मिथिल पारा करतात आणि तो मासळीत साठतो. निवट्यांचं मांसच तपासायला हवं. चार रात्री झोप नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिन्मयची दहावी ना यंदा? त्याला माझा आशीर्वाद सांग.

रविवारी कोळीवाड्यात जाते आहे, अर्धा किलो निवट्या मागायला. कशाला ते मी खोटं सांगणार नाही. पण माझ्या तोंडून ऐकलं तर मावशी घाबरतील, धंद्याचा प्रश्न आहे. त्याआधी तू फोन कर. आणि कालवण करून जेवायला बसवलं तर काय करू, तेही कळव.

तुझी,
सुलू