बोटीचे मशीन घेण्याआधी त्याच्या दुरुस्तीचे ठिकाण ठरवा

मा. पालकमंत्री, नंदुरबार जिल्हा यांना खुले पत्र

महोदय, राम राम.

मी शहाद्यात पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो, अधूनमधून बोटीची मशीनही माझ्याकडे येतात. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी सरकारी पैशातून बोटी घेतल्या जातात. त्या बोटींच्या आउटबोर्ड मशीनबद्दल, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायच्या इंजिनाबद्दल, माझे एकच मागणे आहे. कंपनी कोणती आणि हॉर्सपॉवर किती, हे नंतर बघा. मशीन बंद पडले तर ते कोण, कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त करून देणार, हे आधी कागदावर घ्या.

आमच्या भागातला शेतकरी ट्रॅक्टर घ्यायला निघाला की पहिला प्रश्न विचारतो, शोरूम शहाद्यात आहे का? वर्कशॉप कुठे, फिल्टर कुठे मिळेल, मिस्त्री शेतावर येईल का? दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर थोडा स्वस्त असला तरी तो नाही म्हणतो, कारण ऐन पेरणीत चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर काय होते हे त्याला माहीत असते. बोटीची खरेदी मात्र सर्वांत कमी दर बघून होते आणि सर्व्हिसचा विषय वॉरंटी कार्डावर सोडून दिला जातो.

नर्मदेवरचे सरदार सरोवर धरण सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरले. मणिबेली, चिमलखेडीसारख्या गावांना आज ते पाणीच रस्ता आहे. अडलेली बाळंतीण, रेशनचे धान्य, शाळेतले मास्तर, सगळे त्या पाण्यावरून जातात. हे पाणी समुद्रासारखे मोकळे नाही. खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, कडेला गाळ आहे, आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की दोन्ही वर येतात. बुंध्याला मशीनचा पाण्यातला पंखा लागला की लहान मशीनची शिअर पिन, म्हणजे पंखा दांड्याला धरून ठेवणारी खीळ, तुटते. ती तुटते म्हणून गिअर वाचतो, पण दुसरी पिन बोटीत नसेल तर बोट पाण्यातच अडकते.

गाळाचा त्रास याहून वाईट. मशीनच्या पायात एक रबरी इंपेलर असतो, तो धरणाचे पाणी वर ओढून इंजिन गार ठेवतो. गाळाने त्याची पाती झिजतात, मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते. तेव्हाच तो बदलला तर काम थोडक्यात भागते. नाही बदलला तर इंजिन तापून सीझ होते, आणि मग खर्च लाखाच्या भाषेत बोलावा लागतो. माझ्याकडे जीपमधून आलेल्या एका मशीनचे गिअर ऑइल दुधासारखे पांढरे निघाले. सील गेले होते, आत पाणी शिरले होते. सील बोटाच्या पेराएवढे, पण ते इकडे कुठेच मिळेना. मशीन दिवाळीनंतरपर्यंत कोपऱ्यात पडून राहिले.

आता तासांचा हिशोब बघा. नव्या फोर स्ट्रोक मशीनची पहिली सर्व्हिस साधारण २० तासांनी आणि पुढची दर १०० तासांनी करायची असते. समुद्रावर हौसेने बोट चालवणाऱ्याला १०० तास भरायला वर्ष लागते. नर्मदेतली बोट रोज चार तास चालली तर पंचवीस दिवसांत भरतात. म्हणजे जवळजवळ दर महिन्याला सर्व्हिस. ती अधिकृत विक्रेत्याकडे झाल्याची नोंद नसेल तर कंपनी वॉरंटीवर हात वर करू शकते, आणि धंद्याच्या वापराला वॉरंटीची मुदत बहुधा कमीच असते. दर महिन्याला कोणी मशीन खांद्यावर घेऊन, देवगोई किंवा चांदसैली घाट उतरून मुंबईला जाणार आहे का? पावसाळ्यात तर घाटात दरडी येतात.

म्हणून निविदेत अट घाला. पुरवठादाराने जिल्ह्यात, निदान तळोदा किंवा शहाद्याला, सर्व्हिसची सोय उभी करावी. इंपेलर, पिना, प्लग, सील, गिअर ऑइल आणि एक जादा पंखा धडगाव आणि मोलगीला ठेवावा. विक्रेता खरा आहे का, हे तपासायला माझी एक साधी युक्ती आहे. त्याला फोन करून विचारायचे, या मॉडेलचा इंपेलर आज तुमच्या दुकानात आहे का? ‘मागवून देतो’ असे उत्तर आले तर पुढचा बघावा. सुरतेचा विक्रेता चांगला निघाला तर तोही चालेल, नंदुरबारहून रेल्वेने सुरत मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. आणि कृपा करून सगळ्या बोटींना एकाच कंपनीची मशीन घ्या, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला बसेल.

आयटीआयमधून मेकॅनिक होऊन आमची पावरा आणि भिल्ल मुले सुरतेला कामाला जातात. त्यातल्या काही जणांना पुरवठादाराच्या खर्चाने प्रशिक्षण द्यायला लावा. नर्मदाकाठच्याच मुलाला हे काम आले तर रात्री बोलावले तरी तो येईल. उकाई धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्या नवापूरच्या लोकांनाही त्याचा उपयोग होईल.

नव्या खरेदीआधी जुन्या बोटींची यादी मागवा: कोणते मशीन चालू, कोणते बंद, कशाच्या अभावी बंद. बंद असलेली मशीन उघडून बघायला मी धडगावला येतो, मजुरी नको. सुटे भाग तेवढे मिळवून द्या.

आपला,
शहाद्याचा एक मेकॅनिक