कार्डावरचे १ किलो ८००

सिस्टर,

सन १९७८ चा श्रावण होता, म्हादईला पूर आलेला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात तुम्ही एका बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलंत. ते बाळ म्हणजे मी. तुम्हाला काय आठवणार, अशी किती तोललीत!

गेल्या गणेशचवथीआधी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला. विडी नाही, फेणी नाही, घरात कुणाला हृदयाचा आजार नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘जन्मलात तेव्हा वजन किती होतं?’’ मी हसलोच. पण आईनं पेटीच्या तळातून कार्ड काढलं. निळी शाई थोडी पसरलेली, तरी स्पष्ट: १ किलो ८००. खाली तुमच्या अक्षरात, ‘अंगाशी धरून ठेवणे’.

अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं. पोटात पोषण तोकडं पडलं की गर्भ आधी मेंदू सांभाळतो. मूत्रपिंडाच्या गाळण्या कमी बनतात, मग पुढे रक्तदाब चढायचा धोका वाढतो. पेशींचंही तसंच. गुणसूत्रांच्या टोकांना टोपणासारखे टेलोमिअर असतात, पेशी दुभंगताना ते झिजत जातात. जन्मतः बारके आणि नंतर झपाट्यानं वाढलेले उंदीर तपासले, तर त्यांच्या महाधमनीत हे टेलोमिअर आखूड निघाले. माणसांतही आखूड टेलोमिअर आणि हृदयविकार बरेचदा सोबत दिसतात. माझ्यात नेमकं कशानं झालं, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. मला ते आवडलं.

तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून नर्सबाया बाळांची वजनं वहीत टिपून ठेवत. त्या वह्या धुंडाळून डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की जन्मताना हलके असलेले पुरुष हृदयविकारानं जास्त दगावले. पुढे म्हैसूरच्या एका इस्पितळातल्या जुन्या नोंदींतूनही तसंच निघालं. म्हणजे शोध डॉक्टरांचा, पण आकडे तुमच्यासारख्यांचे. त्यांची नावं कोण घेतो?

आता मीठ कमी केलंय, गोळ्या चालू आहेत, पोट आत घेण्याची खटपट चाललीय. कार्डाची झेरॉक्स फायलीला लावली. मूळ कार्ड आईनं लगेच परत मागून घेतलं.

ती म्हणते, तुम्ही पेडण्याच्या. पत्र पोचलं तर निरोप धाडा. तिला घेऊन येतो.

तुमचा,
झोळीतला